मुक्ता ऐकतेय

घरात लहान मूल असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. खेळण्यांसारखे ते पायाखाली येतात. आमचे किस्से घडत होते तेव्हा मात्र कुणाला हसू येत नव्हतं. मुक्ता साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान तपासले, उत्तम होते. डॉक्टर म्हणाले, रोज मोठ्याने गोष्टी वाचून दाखवा आणि वाट बघा. त्यातलं वाचणं सोपं होतं.

धायरीत आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. संध्याकाळी मी गॅलरीत वाचायचे, ते खालच्या काकांना ऐकू जायचं. एकदा त्यांनी जिन्यात थांबवलं. "अहो, ते माकड रोज नदीत पडतंय. एकदाचं पोहायला शिकवा त्याला." घरी येऊन मी रडले. दुसऱ्या दिवशी दार लावून आत वाचलं, तर काकांनीच बेल वाजवली. आज माकड पडलं नाही का, हे विचारायला!

नवरा, नीलेश, खराडीच्या ऑफिसमधून दमून यायचा. एका रविवारी मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. वाघ, ससा, हरिण, सगळे मीटिंगमधल्या मॅनेजरसारखे बोलायला लागले. मुक्ताने पुस्तक मिटलं आणि मांडीवरून उतरली. नीलेश हसला नाही. "निदान 'नको' तरी म्हणायचं," एवढंच बोलला.

मग सासूबाई अमरावतीहून आल्या. काही दिवस बघून म्हणाल्या, "तू एवढी वाचून राहिली, पोरगी ऐकून तरी राहिली का?" मी चिडून म्हटलं, तुम्हीच वाचा. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचू लागल्या. पान संपता संपेना. मुक्ता जागची हलली नाही. दुपारचं वाचन तेव्हापासून त्यांच्याकडे.

पुढे बालवाडीच्या प्रवेशाचा दिवस आला. तिथल्या बाईंनी मुक्ताला नाव विचारलं, रंग विचारले, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, बोलायला लागली की आणा. घरी आल्यावर मुक्ताने नेहमीसारखं पुस्तक आणून दिलं. कळपातून चुकलेल्या शेळीची गोष्ट होती. टेकडीवर अंधार पडतो, शेळी ओरडते, कुणी ओ देत नाही. इथवर आले आणि माझा आवाजच फुटेना. नुसती पानाकडे बघत बसले.

मुक्ताने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मग?"

स्वयंपाकघरात भांडं पडलं. सासूबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. "कोण बोललं?"

मुक्ताने तिकडे पाहिलंही नाही. पानावर हात आपटला.

"आई, मग?"