बिनदाराची मावशी

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला फोनवर सांगितली नाही, देवळात तर नाहीच नाही. आता माझं वय शहात्तर आहे आणि आमच्या आळीत अजूनही एका बाईचं नाव चोर म्हणून घेतलं जातं. ती चोर नव्हती, हे माहीत असलेला मी एकटाच आहे. म्हणून लिहितो.

"दाराला काय करायचंय?" असं ती म्हणायची आणि पिठाचा हात माशी हाकलल्यासारखा उडवायची. तिला आठवायचं म्हटलं की मला आधी तो हात दिसतो.

आमची आळी प्रवरेच्या काठावर, गावाच्या सगळ्यात जुन्या भागात. भंडारदऱ्यातून पाणी सोडलं की खालच्या घरांच्या पायऱ्या बुडतात, म्हणून इथे भाडं कमी. नव्या वसाहतीत ज्याला परवडत नाही तो आमच्याकडे येतो. आणि येईल त्याच्याकडे आम्ही पहिलं वर्षभर तिरक्या नजरेनंच बघतो. तुम्हीही जुन्या आळीत राहिला असाल तर ही नजर तुम्हाला ठाऊक असेल.

माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं घेतल्या. पन्नाशी ओलांडलेली, एकटी, शिंगणापूरकडची. खानावळींना बाजरीच्या भाकरी करून द्यायची. तिसऱ्या दिवशी बघतो तर खोलीला दार नाही.

"आण्णा, दार काढून ठिवलंय. मोडलं न्हाई बरं का. आत बंद झालं की जीव घाबरा हुतो माझा. आमच्याकडं कुनाच्याच घराला दार नसतं."

"मावशी, इथं चोर आहेत."

"माझ्याकडं हाय काय न्यायला? परात, तवा आन मी."

ते दार तिनं अंगणात चार विटांवर आडवं टाकलं आणि उन्हाळाभर त्यावर कुरडया वाळवल्या. आळीनं तिचं नाव ठेवलं, बिनदाराची मावशी.

समोर वसंतरावांची पिठाची गिरणी. बाजरी दळता दळता ते एकदा म्हणाले, "आण्णा, ज्या बाईला चोराची भीती नाही, तिची चोरांशी ओळख असणार." आम्ही दोघंही हसलो. पण त्या दिवसापासून मी तिच्यावर पाळत ठेवायला लागलो. कोण येतं, कोण जातं, भाकरीच्या टोपलीत जाताना काय असतं, येताना काय असतं.

"अहो, तुम्ही दवाखान्यात औषधं वाटायचात," आमची मंडळी म्हणाली. "पोलिसात कधी होतात?"

एकदा मी मुद्दाम पितळी तांब्या अंगणातल्या कट्ट्यावर ठेवून आत गेलो आणि खिडकीतून बघत बसलो. तिनं तांब्या उचलला. ती सरळ आमच्या दारात आली. "आण्णा, तांब्या ऱ्हायला तुमचा." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ठेवला, तिनं पुन्हा आणून दिला. तिसऱ्या दिवशी पाण्यानं भरून आणला आणि म्हणाली, "प्या. उनानं इसरायला हुतंय तुमाला."

एवढ्यावर माणसाला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, बाई हुशार आहे.

घाटाच्या वाटेवर आमचा मारुती आहे. त्याला चांदीचे दोन डोळे, मेणानं बसवलेले. आळीनं भांडी मोडून करवलेले, माझ्या वडिलांच्या वेळचे. दर शनिवारी शेंदूर तेलात कालवून लावणं हे काम वडिलांनंतर माझ्याकडे आलं. देवळाची फरशी मावशी धुवायची. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून धुवायची.

हनुमान जयंतीच्या सकाळी मारुतीचा डावा डोळा नव्हता.

आदल्या संध्याकाळी मी सणाचा म्हणून दाट शेंदूर लावला होता. मला मोतीबिंदू झाला होता, दिव्याच्या उजेडात सगळं केशरी धुकं दिसायचं. सकाळी फरशी धुवायला पहिली ती गेली होती. वसंतराव माझ्याकडे बघत म्हणाले, "आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

आम्ही सातआठ जण तिच्या खोलीत शिरलो. दार नव्हतं, त्यामुळे आत येऊ का असं विचारायचंही कुणाला सुचलं नाही. ट्रंक उलटी केली. गोधडी झटकली. देव्हाऱ्यातला हळदीकुंकवाचा करंडा उघडून बघितला. ती चुलीपुढे उभी होती. सगळं बघून झाल्यावर तिनं बाजरीच्या पिठाचा डबा पुढे सरकवला.

"ह्यो ऱ्हायला. ह्यात बी बघा."

वसंतराव मागे सरले. मी पुढे झालो. कोपरापर्यंत हात त्या पिठात घातला. काही नव्हतं. हात बाहेर काढला तर तिनं पदरानं तो पुसला. "तुमच्या सदऱ्याला लागंल, आण्णा."

पोलिसात कुणी गेलं नाही. एका खानावळीनं तिच्या भाकरी बंद केल्या. नळावर ती आली की बायका हंडे उचलायच्या. देवळाची फरशी मात्र ती धूतच राहिली. आमची मंडळी तेवढी तिच्याशी बोलायची. वसंतरावांनी देवळावर कॅमेरा बसवायचा घाट घातला, त्याला पहिलं अनुमोदन माझं.

श्रावणात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. भाद्रपदात एका सकाळी मारुतीच्या डाव्या गालावरचा शेंदराचा जुना थर सुटून पडला. असं कित्येक वर्षांनी एकदा होतं. पडलेला थर नदीत सोडायचा असतो. मी तुकडे फडक्यात बांधून घाटावर गेलो आणि पाण्यात सोडण्याआधी मोठा तुकडा हातानं फोडला. आत चांदी चमकली.

डोळा कुठेच गेला नव्हता. मेण मऊ पडून तो खाली घसरला होता आणि मी, माझ्याच हातानं, त्याच्यावर शेंदूर थापला होता. पुढे दर शनिवारी थापत गेलो होतो.

मी तो वाळूनं घासला. वर बघितलं तर दोन पायऱ्या सोडून मावशी कपडे धूत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली.

कॅमेरा अजून यायचा होता. देवळात कुणी नव्हतं. मी डोळा जागेवर बसवला आणि घरी आलो.

शनिवारी आळी जमली. वसंतरावांचा आवाज चढला होता. "भ्याली! मारुतीनं दाखवलं तिला! आणून ठेवला गुपचूप. काय आण्णा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "असेल."

एवढंच म्हणालो. पण आळीसाठी ते पुरेसं होतं, कारण देवाचं काम माझ्याकडे होतं. तोवर तिच्यावर नुसता संशय होता. माझ्या त्या शब्दानं ती चोर झाली.

पंधरा दिवसांत तिनं खोली सोडली. जायच्या आधी सुतार बोलावून दार पुन्हा बिजागऱ्यांवर चढवलं. कुरडयांचे पांढरे डाग घासून काढले होते. टेम्पो उभा होता. तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

"दार बसवून दिलंय, आण्णा. कडी जरा ओढून घ्यावी लागती." टेम्पोत चढताना ती थांबली. आसपास कुणी नव्हतं. हळू आवाजात म्हणाली, "डोळा ब्येस बसलाय मारुतीचा. आता शेंदूर जरा पातळ लावत जावा."

मी किल्लीकडे बघत उभा राहिलो.

वसंतराव पुढे वारले. त्यांचा कॅमेरा आहे. येणाऱ्या भाडेकरूला आळीतले लोक तो दाखवतात आणि बिनदाराच्या मावशीची गोष्ट सांगतात. मी तिथेच बसलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी मी एकदा तिच्या गावी गेलो. एसटीत एकच वाक्य पाठ करत होतो. घर सापडलं. नुसती चौकट, जुन्या साडीचा पडदा, कुत्रं शिरू नये म्हणून खाली आडवी फळी. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. परक्याच्या घरी गेलं की आपण कडी वाजवतो आणि आतलं माणूस येईपर्यंत धीर गोळा करतो. इथे कडीच नव्हती. मी खोकलो. थापणं थांबलं.

"कोन हाय? या की आत. उघडंच हाय."

माझा पाय फळीवरून पलीकडे गेला नाही. तिनं दुसऱ्यांदा "कोन हाय?" विचारलं तेव्हा मी रस्त्याला लागलो होतो.

गेल्या माघात ती गेली. तिच्या भाच्यानं आमच्या मंडळीला फोन करून कळवलं.

एसटीत पाठ केलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आहे. मी आण्णा, मावशी. डोळा माझ्याच हातानं बुजला होता, आणि सापडला तेव्हाही मी बोललो नाही. माझं चुकलं.