एल्डन फॉल्सची चौकशी

विश्वास या शब्दाच्या पोटात श्वास आहे. ज्याच्यापाशी श्वास मोकळा सोडता येतो, त्याच्यावर आपला विश्वास असतो, अशी त्या शब्दाची जुनी आणि सुंदर घडण आहे. पण असा मोकळा श्वास फुकट मिळत नाही. त्यासाठी आधी विचारावे लागते. विचारणे म्हणजे संशय घेणे, असा एक गैरसमज आपल्याकडे सभ्यतेच्या नावाखाली रूढ झाला आहे. वास्तविक संशयी माणसाला उत्तर नकोच असते. चौकशी करणाऱ्याला ते मनापासून हवे असते, आणि मिळाले की तो उत्तर देणाऱ्याचा जन्मभर उपकृत राहतो. असा उपकृत माणूस मी एकच जवळून पाहिला. त्याचे नाव खैरुद्दीन.

खैरुद्दीनभाई मूळचे दाभोळचे. एकोणीसशे साठच्या आसपास ते दुबईला आले आणि एका बार्जवर तांडेल झाले. त्या काळी मोठी जहाजे खाडीत शिरू शकत नसत. ती बाहेर समुद्रात नांगरून उभी राहत आणि सिमेंट, तांदूळ, लोखंड असा सगळा माल बार्जवर उतरवून खाडीत आणावा लागे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, आणि तो दर वादळानंतर जागा बदलत असे. इतर तांडेल अंदाजाने आत शिरत. खैरुद्दीनभाई मात्र दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडून प्रत्येक वेळी खोली पाहत, समोरून येणाऱ्या मचव्याला हाक मारून विचारत, आणि मगच पुढे जात. लोक हसत. पण त्यांची बार्ज वाळूत रुतलेली कोणी पाहिली नाही.

बर दुबईत खाडीमागच्या गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. पत्नी बानू आणि एकुलती मुलगी जहांआरा. जहांआरा रत्नागिरीला मॅट्रिक होऊन आली होती. सहासष्ट साली तिला मागणी आली ती म्हसळ्याच्या तय्यबची. तय्यब अमेरिकेत शेतकी यंत्रे शिकायला गेला होता आणि शिकून झाल्यावर आयोवा राज्यातल्या एल्डन फॉल्स नावाच्या लहानशा शहरात, तिथल्याच कॉलेजात शिकवू लागला होता. मुलगा सालस, घराणे ओळखीचे. त्याचे मामा यूनुस दुबईच्या बाजारात कापडाचे व्यापारी होते. तेच मागणी घेऊन आले.

"मुलगा आमचा डोळ्यांसमोरचा," खैरुद्दीनभाई म्हणाले. "गाव मात्र पाहिलेलं नाही."

"अहो भाई, अमेरिका आहे ती! गाव काय बघायचं?"

"मुलगी द्यायची तर त्या गावचं पाणी पिऊन यायचं. आमच्याकडची रीत आहे, यूनुसभाई. तुमच्याकडेही आहे."

"मग निघा की! बार्ज काढा बाहेर, यल्ला. दोन वर्षांत पोहोचाल."

बानू आतल्या खोलीत हसली, पण खैरुद्दीनभाई हसले नाहीत. त्यांच्या थोरल्या बहिणीला, बिलकीसला, पूर्वी असेच न पाहिलेल्या गावी दिले होते, आफ्रिकेत, मोंबाशाला. नवरा जहाजावर होता. तिला ताप आला आणि तापातच ती गेली. शेजाऱ्यांना ते तिसऱ्या दिवशी कळले. तीन दिवस तिच्या दारावर कोणी थाप मारली नव्हती. घर चांगले होते, नवरा चांगला होता. चौकशी झाली नव्हती ती फक्त दारांची. हे दुःख खैरुद्दीनभाईंनी कधी बोलून दाखवले नाही, पण ते त्यांच्या प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी होते. जहांआराला आलेल्या मागणीला हो म्हणायचे की नाही, हे त्या एका गोष्टीवर अडले होते.

तेव्हा त्यांनी जे केले ते त्यांनाच सुचावे. बंदराची खबर बंदरातल्या माणसाला विचारावी, हा त्यांचा धर्म. त्यांनी जहांआराला समोर बसवले आणि इंग्रजीत पत्र लिहायला लावले: 'पोस्टमास्तर, एल्डन फॉल्स यांस.'

"अब्बा, पोस्टमास्तर काय म्हणेल? कोण हे वेडे लोक म्हणेल."

"म्हणू दे. पोस्टमास्तरला गावातलं प्रत्येक दार माहीत असतं. लिही."

सहा आठवड्यांनी कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर एक जाड लिफाफा आला. पोस्टमास्तरांनी पत्र शहराच्या वाचनालयाकडे दिले होते, आणि तिथल्या ग्रंथपाल मिस हार्टविग यांनी सौजन्याच्या दोन ओळींसह शहराची रंगीत माहितीपुस्तिका पाठवली होती. जहांआराने ती मोठ्याने वाचली. अकरा हजार वस्ती. मध्यभागी तांबड्या विटांची कचेरी, तिच्यावर चार तोंडांचे घड्याळ. नदीवर छप्पर असलेला लाकडी पूल. ज्याच्यावरून शहराला नाव पडले तो धबधबा, उंची बारा फूट. दर सप्टेंबरात मक्याची जत्रा. त्यात मक्याच्या कणसांनी मढवलेला एक महाल उभारतात. आणि एक लहान संग्रहालय, नदीतल्या शिंपल्यांपासून बटणे करण्याच्या जुन्या धंद्याचे.

"शिंपल्यांची बटणं?" बानूने विचारले. "इथे शिंपल्यांतून मोती काढतात, तिथे बटणं. शहाणे दिसतात."

यूनुसभाईंनी पुस्तिका हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "फर्स्ट क्लास! पूल आहे, घड्याळ आहे, फॉल आहे. अजून काय पाहिजे भाई? खलास. तारीख काढा."

खैरुद्दीनभाईंनी पुस्तिका हळूच मिटली. "यूनुसभाई, गावाने पाहुण्याला काय दाखवायचं ते यात सगळं आहे. सुनेला काय मिळेल ते यात नाही."

"तय्यब डिसेंबरला येतोय. तोवर तुमचं हे चालणार?"

"इन्शाल्ला, त्याच्या आधी उरकेल."

दुसरे पत्र लांब होते. पाणी गोडे आहे का? थंडी किती, आणि थंडीत बायका घराबाहेर पडतात का? मासे मिळतात का? आमच्या रीतीने कापलेले मटण जवळपास मिळेल का? आमच्या धर्माचा माणूस गेला तर त्याला पुरायला जागा आहे का? हा प्रश्न लिहिताना जहांआराचा हात थांबला, पण वडिलांनी नजर उचलली नाही, म्हणून तिने लिहिला. आणि शेवटी त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितले, "लिही. नवरा परगावी असताना माझी मुलगी आजारी पडली, तर तिच्या दारावर थाप कोण मारील?"

जहांआराने ते लिहिले आणि शाई वाळल्यावर कागद पाकिटात घातला.

मिस हार्टविग यांचे उत्तर नोव्हेंबरात आले. या वेळी पुस्तिका नव्हती; चार पाने होती, हाताने लिहिलेली. पाणी विहिरीचे आणि गोडे, पण त्याला लोखंडाचा वास येतो. बर्फ डिसेंबर ते मार्च, कधी कंबरेइतके. मासे नदीचे, समुद्राचा मासा फक्त डब्यात. तुमच्या रीतीचे मटण इथे नाही. मशीद आणि दफनभूमी सव्वाशे मैलांवरच्या एका शहरात आहे, मी तिथे फोन करून खात्री केली आहे. आणि शेवटच्या प्रश्नासाठी, त्यांनी लिहिले होते, मी कॉलेजच्या घरांसमोरच्या तिसऱ्या रस्त्यावर स्वतः गेले. चार घरी विचारले. दोन बायका म्हणाल्या, आम्ही रोज डोकावू. तिसरी म्हणाली, मला विचार करू दे. तिने अजून सांगितलेले नाही. चौदा नंबरच्या घराने नाही म्हटले, आणि ते ज्या शब्दांत म्हटले ते मी लिहीत नाही. मी त्याच रस्त्याच्या टोकाला राहते. मी थाप मारीन.

बानूचा चेहरा उतरला. "बघा. म्हणजे दार बंद करणारे लोक आहेत तिथे."

"कुठे नसतात? दाभोळात आपल्याच गल्लीत किती होते, मोजू का?" खैरुद्दीनभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक वर्षांनी काहीतरी सैल झाले होते. "पण दाभोळच्या कोणी ते परक्याला लिहून कळवलं असतं का? या बाईने खडक कुठे आहे ते सांगितलं, बानू. चार हजार कोसांवरून, ओळख ना देख. खडक सांगणारं बंदर आणि खडक लपवणारं बंदर यातला फरक मला विचार."

मग ते मुलीकडे वळले. "माझं विचारून झालं. आता तू सांग. नाही म्हणालीस तरी यूनुसभाईंना मी तोंड देईन."

जहांआराने पत्राची घडी केली, पुन्हा उघडली. "जाईन मी, अब्बा. पण चौदा नंबरच्या समोरून मान खाली घालून जाईन, असं कोणी समजू नये."

"अरे देवा," बानू म्हणाली, "ही तर त्यांच्याकडेच आधी चहाला जाईल." आणि रडता रडता हसली.

निकाह डिसेंबरात झाला. निरोपाच्या आधी खैरुद्दीनभाईंनी मिस हार्टविग यांना तिसरे पत्र लिहवले. त्यात प्रश्न एकही नव्हता. सोबत खजुराची पेटी होती, आणि बटणांच्या संग्रहालयासाठी या समुद्रातले सहा मोठे शिंपले, आतून चंद्रासारखे. पुढे प्रत्येक ईदच्या नमाजानंतर ते त्या ख्रिस्ती बाईसाठी नाव घेऊन दुवा मागत, आणि शेजारी बसलेल्याला न विचारताच सांगत, "माझी बहीण आहे ती, अमेरिकेत." दुसऱ्या हिवाळ्यात तय्यब परगावी असताना जहांआरा तापाने पडली. पहिल्याच सकाळी थाप पडली. मिस हार्टविग स्वतः घसरून पाय मोडून पडल्या होत्या. थाप मारली ती 'विचार करू दे' म्हणालेल्या बाईने. हे जहांआराने पत्रात कळवले, तेव्हा खैरुद्दीनभाई ते पत्र घेऊन खाडीकाठी गेले आणि पुष्कळ वेळ एकटेच बसून राहिले. चौदा नंबरचे दार अखेरपर्यंत उघडले नाही. त्याविषयी त्यांची तक्रार नव्हती. ते त्यांना आधीच सांगितलेले होते.

खैरुद्दीनभाईंना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची बार्ज मोडीत निघाली आणि बंदरात आता जहाजे थेट धक्क्याला लागतात. जहांआरा एल्डन फॉल्समध्ये, तिसऱ्या रस्त्यावरच राहते.