भावकूअण्णांचं राहिलेलं उत्तर

हां, तर पिठावर पाऊल उमटलं नव्हतं, आणि उमटणार तरी कसं? मंगलमावशीनं पीठ जमिनीवर पसरलंच नव्हतं! माणूस गेला की त्या जागी दिवा लावायचा, पीठ पसरायचं आणि सकाळी खूण बघायची, ही आपल्याकडची रीत. पण तिचा नवरा भावकूअण्णा गेला तो पिरनवाडीच्या घरात, संगणकापुढच्या खुर्चीत, बसल्याबसल्या. मावशी म्हणाली, "पायाचं काय घिऊन बसलाय? त्यांचा हात असायचा हितं." आणि तिनं पीठ टेबलावरच पसरलं, माऊसच्या भोवतीनं.

सकाळी पीठ जसंच्या तसं. पडद्यावरचा बाण मात्र आपोआप हलत होता.

म्हणून तर उपासनाला बोलावणं गेलं. ही मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत राबली, लेक शिकली आणि बेळगावात दुकान टाकून बसली. लोकांनी अडगळीत टाकलेले संगणक ती उचलायची, त्यात हलकी, फुकट मिळणारी, नवख्यालाही जमेल अशी लिनक्स प्रणाली घालायची, की मढं उठून बसलंच म्हणून समजा. गल्लीत तिला 'मढी उठवणारी' म्हणायचे. ती हसायची. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

अण्णांचा संगणकही तिनंच उठवलेला. त्याची डिस्क गेली होती, म्हणून सगळी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालायची. "अण्णा, काय बी दाबा. बिघडलं तर बंद करून परत चालू करा, सगळं कोरं. ठेवायचं असंल तेवढं बंद करताना साठवा." म्हातारा लई खूश. रोज काहीतरी टाइप करायचा आणि रोज पुसू द्यायचा. मावशीनं विचारलं की म्हणायचा, "तुझ्यावरच लिवतोय, वाचू नगंस."

उपासना दिवेलागणीला पोचली. पडद्यावर चौकट उघडी होती, 'आजचं काम साठवायचं?' खाली 'होय' आणि 'नाही'. एवढं विचारून यंत्र थांबलेलं, आणि अण्णाही तिथंच थांबलेले. लिहिलेलं सगळं त्या चौकटीआड.

"मॅडम, वायर उपसा आणि घराभाईर न्या ते," जावई नागेंद्र दारातूनच म्हणाला. "लेकरं झोपली न्हाईत."

"वायर उपसली की लिवलेलं सगळं जाईल."

"माझ्यावर लिवलंय गं त्यात," मावशी पुटपुटली.

उपासनानं बाण 'होय'वर नेला. तो घसरून 'नाही'वर आला. परत नेला, परत घसरला. तिनं माऊस उलटा केला आणि हसली. "हे बघा भूत! खालच्या डोळ्यात पीठ बसलंय." ओढणीच्या टोकानं तिनं ते पुसलं. बाण गप उभा राहिला. नागेंद्रानं श्वास सोडला.

खात्री करायला म्हणून तिनं माऊसची वायरच काढली. सुटा माऊस तिच्या हातात होता, आणि पडद्यावर बाण हलला. हळूहळू, म्हाताऱ्याचा हात सरकावा तसा, 'नाही'वर गेला आणि थांबला.

उपासनाचं हसू ओठांवरच राहिलं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, टेबलाखाली यूपीएस टीं टीं करू लागला. पिठावर तेवढा पडद्याचा निळा उजेड. बॅटरी जुनीच, आता किती टिकणार?

"मावशी, बाण कुठंबी असू दे, एंटर दाबला की 'होय'. तुम्हीच दाबा."

मावशी खुर्चीत बसली नाही. कुणी बसलंय अशी जागा सोडून ती बाजूनं वाकली. बोट बटणाच्या वर धरलं.

"त्यांना नगं असंल तर? रागावतील गं."

उपासनानं एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि म्हणाली, "रागावले तर बरंच की, मावशी. रागवायला तरी येतील. दाबा."