शनिवारची नावं

मुलांना शाबासकी देऊन वळण कसं लावायचं, हे शिकवायला आम्हाला दहिवडीला तीन दिवस बोलावलं होतं. शिकवणारा माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. त्यानं आम्हा सगळ्या शिक्षकांना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या, एकमेकांच्या पाठीवर थाप मारून 'छान, छान' म्हणायला लावलं. माझ्या शेजारचे गुरुजी सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या पाठीवर थाप मारताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो आणि दुपारचं अर्धं सत्र बुडवलं.

मी तासगावकडचा माणूस. घरी द्राक्षबाग, डोळ्यांना हिरव्याची सवय. नोकरी मात्र सातारा जिल्ह्यात लागली आणि शेवटची वर्षं माण तालुक्यातल्या एका वाडीत काढायची पाळी आली. वाडीत पाणी नाही, सावली नाही, बोलायला माणूस नाही. पुरुष निम्मे मुंबईला, उरलेले मेंढरांमागे. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी एका तरुण बाईंकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या वर्गात सतरा मुलं होती आणि त्यातलं एकही मला सरळ वाटत नव्हतं.

आमच्या शाळांमधून एक जुनी रीत आहे. गुरुजी ऑफिसात गेले की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितो. पुन्हा बोललं तर नावापुढे गुणिले दोन, मग गुणिले तीन. गुरुजी आले की त्या हिशेबानं प्रसाद मिळतो. मी असाच शिकलो आणि तीस वर्षं असंच शिकवलं. छडी बंद झाली तरी नावं मी चालू ठेवली होती, कारण नुसत्या नावानंही मुलं टरकायची.

प्रशिक्षणानंतर केंद्रप्रमुख शाळेत आले आणि फळ्याचा कोपरा बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. वाईटांची नावं पुसा, चांगल्यांची लिहा, दर शनिवारी फळ्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाका, असं फर्मान सोडून गेले. मी म्हटलं, ठीक आहे. तुम्हाला चांगुलपणा फळ्यावर हवाय ना, मग तो मी असा मोजून देतो की तुम्ही पुन्हा मागणार नाही.

मी पाच नियम केले. नखं कापलेली, गणवेश स्वच्छ, वेळेवर हजेरी, वर्गात गप्प बसणं आणि खरं बोलणं. पहिले चार डोळ्यांनी दिसतात. पाचव्यासाठी मी एक युक्ती काढली. शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठ झाला की वर्गानं हाताची घडी घालून उभं राहायचं आणि आठवड्यात ज्यानं काही चूक केली असेल त्यानं आपण होऊन सांगायची. सांगेल त्याचं नाव त्या शनिवारी फळ्यावर येणार नाही. उरलेल्यांचं येईल.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या ऑफिसात हजेरी भरत होत्या. पेन थांबवून म्हणाल्या, "सर, मग खरं कोण सांगेल?"

"तुमची नोकरी किती वर्षांची झाली?" मी विचारलं.

"चार."

"मग अजून दहा होऊ द्या."

त्यांनी मान खाली घातली आणि हजेरी भरू लागल्या. मला त्या वेळी फार बरं वाटलं. कबूल केलं म्हणून माफ केलं तर पोरं रोज गुन्हा करतील आणि शनिवारी कबुली देऊन मोकळी होतील, हे माझं म्हणणं होतं. ते आजही पुरतं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण बाईंचा प्रश्न बरोबर होता आणि तो चार वर्षांच्या नोकरीत पडला होता, माझ्या डोक्यात तीस वर्षांत आला नव्हता. माझा राग त्याचाच होता.

पहिल्या शनिवारी एकच मुलगी पुढे आली. चौथीतली, सावळी, काटक, दोन वेण्या आणि त्याही कधी सारख्या नसायच्या. घरी आई, आजी, धाकटा भाऊ आणि आठ-दहा शेळ्या. वडील मुंबईला माथाडी काम करायचे. ती म्हणाली, "गुरुजी, म्या पाढे पाठ न करता बघून लिवलं." मी तिचं नाव गाळलं. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तीच पुढे. कुणाच्या तरी बोरीवर दगड मारला होता आणि तो पलीकडच्या घराच्या पत्र्यावर पडला होता. नाव गाळलं. तिसऱ्या शनिवारी ती उभी राहिली तेव्हाच वर्ग हसायला लागला.

"आता काय?"

"शेळीला शिवी दिली, गुरुजी."

"कुठं?"

"रानात."

शाळेच्या वेळेत नव्हे, शाळेत नव्हे आणि माणसाला तर नव्हेच. एखाद्या शहाण्या माणसानं हसून पाठीवरून हात फिरवला असता. मी म्हणालो, "शिवी ती शिवीच," आणि नाव गाळलं. बाकीचे सोळाच्या सोळा दर शनिवारी फळ्यावर झळकत होते. त्यांतले किती धुतल्या तांदळासारखे होते ते मला ठाऊक होतं. पोषण आहाराच्या डब्यातले शेंगदाणे पळवणारे दोघं त्यात होते. पण ते मूग गिळून उभे राहायचे आणि मी त्यांची नावं वळणदार अक्षरात लिहायचो. ही एक पोरगीच वांड, असं मी ठरवून टाकलं होतं. दर आठवड्याला हिचं काही ना काही असतंच, असं मी बाईंना बोलूनही दाखवलं.

आता मुंबईची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वाडीची मुंबईत एक खोली आहे. जुन्या पिढीनं वर्गणी काढून घेतलेली. कामाला गेलेला गडी तिथंच उतरतो, तिथंच राहतो. एका वेळी दहा-बाराजण असतात. शनिवारी संध्याकाळी सगळे खोलीवर जमतात, कोणी स्वयंपाक करतं, कोणी गावाला फोन लावतं. माझा फळ्याचा फोटो दुपारी ग्रुपवर पडला की संध्याकाळी त्या खोलीत मोबाइल हातोहात फिरायचा. कुणाचं पोरगं आहे, कुणाचं नाही, बघायचे. त्या खोलीत दहा-बारा माणसांत एकाच बापाच्या लेकीचं नाव नसायचं, तेही ओळीनं पाच आठवडे.

सहाव्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. आवाज दबका, जिन्यात उभा राहून बोलत असावा.

"गुरुजी, पोरगी लय वांड झालीया का?"

"सुधारणेची गरज आहे," मी म्हणालो. प्रगतिपुस्तकात हेच लिहायची सवय, तोंडातही तेच आलं.

"घरी तर काय बी तक्रार न्हाई. आईला समदं करू लागती. पर हितं खोलीत फोटू आला की मंडळी चेष्टा करत्यात. तुमी म्हणत असाल तर म्या तिला दम देतो."

"फोटो खोलीसाठी टाकत नाही मी. शाळेचं काम आहे ते."

"व्हय, बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. उलट बरं वाटलं की नियमाचा परिणाम होतोय. प्रशिक्षणातल्या त्या पोराला सांगावं, असंही मनात आलं.

त्यानंतर एके दिवशी मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. काय पाहिजे म्हणून विचारलं तर बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती. मग म्हणाली, "गुरुजी, माजं नाव कवा येनार?"

"चुका बंद झाल्या की येईल."

"पप्पा आदी शनवारी फोन करायचं. आता करत न्हाईत. ऐतवारी दुपारी करत्यात, खोलीत कोन नसतंय तवा. आनि मला दोनच मिंटं बोलत्यात."

मी तिच्याकडे बघितलं. दहा वर्षांची पोरगी, तिला काय हवं होतं तर फळ्यावर एक नाव. त्याला खडूशिवाय पैशाचाही खर्च नाही. मी म्हणालो, "मग नीट वाग." ती 'व्हय' म्हणाली आणि गेली. पुढचे दोन-तीन दिवस ती खरोखरच बघण्यासारखी वागली. वेण्या सारख्या, नखं इतकी कापलेली की बोटं लाल झालेली, वर्गात तोंडातून शब्द नाही. मला ते नाटक वाटलं. मी मनात म्हणालो, बघू शनिवारपर्यंत किती टिकतंय.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी ऑफिसात डबा खात होतो. डोक्यावरच्या पत्र्यावर धाडकन काहीतरी पडलं. खिडकीतून बघितलं तर तीच. दुसऱ्या एका मुलीची चप्पल तिनं पत्र्यावर भिरकावली होती आणि ती मुलगी एका पायावर उभी राहून रडत होती. भांडण कशावरून झालं तेही मला ऐकू आलं, कारण रडता रडताही ती मुलगी तेच म्हणत होती. "तुज्या पप्पांना खोलीत समदी हसत्यात, माज्या पप्पांनी सांगितलंय."

मी बाहेर जायला पाहिजे होतं. दोघींना समोर घ्यायचं, एकीला दटावायचं, दुसरीला समजवायचं, काठीनं चप्पल खाली पाडायची. दहा मिनिटांचं काम. मी डबा संपवला. शनिवारी स्वतःच्या तोंडानं सांगू दे, मग बघतो, असा विचार मी केला. त्या वयाच्या पोरीसाठी मी दबा धरून बसलो होतो. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण झालं ते असं झालं.

शनिवार उजाडला. परिपाठ झाला, वर्ग हाताची घडी घालून उभा राहिला.

"या आठवड्यात कुणाची काही चूक झाली असेल तर सांगा."

कुणी बोललं नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती समोर बघत होती. पत्र्यावर चप्पल गेलेली मुलगी तिच्या मागेच होती, पण तीही गप्प. तिनं तोंड उघडलं असतं तर चिडवल्याचं बाहेर आलं असतं आणि तिचं नाव गेलं असतं.

मी मुद्दाम तिचं नाव घेऊन विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"न्हाई, गुरुजी."

"नीट आठव. गुरुवारी काही झालं?"

तिनं माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. तोवरच्या प्रत्येक कबुलीच्या वेळी ती जमिनीकडे बघायची. "म्या काय बी केलं न्हाई, गुरुजी," ती म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही.

'मी बघितलंय' म्हणणं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मग बघितलं तेव्हा काय केलं, हा प्रश्न माझ्यावरच आला असता. आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा जिन्यातला आवाजही आठवला. मी खडू घेतला आणि सतरा नावं लिहिली. तिचं शेवटी लिहिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळा वर्ग फळ्यावर येण्याची ती पहिलीच वेळ. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. केंद्रप्रमुखांनी लगेच अंगठा पाठवला.

संध्याकाळी फोन आला. या वेळी तो जिन्यात नव्हता. मागे माणसांचा गलका होता, कुकरची शिट्टी वाजत होती आणि तो मोठ्यानं बोलत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"गुरुजी, लय उपकार झालं बघा. आताच पोरीशी बोललो, अर्धा तास. तुमी वळण लावलं तिला. न्हाईतर पोरगी वाया गेली असती."

मी 'बरं, बरं' म्हणालो. त्याला काय सांगणार होतो मी? तुझी लेक सतरा पोरांत एकटी खरं बोलणारी होती आणि आज मी तिला खोटं बोलायला शिकवलं, हे त्या गलक्यात सांगायची माझी छाती झाली नाही. पुढेही कधी झाली नाही.

सोमवारी मी लवकर गेलो. काठीनं पत्र्यावरची चप्पल खाली पाडली आणि ती टेबलावर ठेवून मुलीला एकटीला बोलावलं. दार लोटून घेतलं. आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याशी बोललो नसेन इतक्या मऊ आवाजात मी म्हणालो, "हे बघ, मी रागावणार नाही. नाव पुसणार नाही. पप्पांना सांगणार नाही. फक्त खरं सांग, ही चप्पल कुणी टाकली?"

तिनं चप्पल बघितली. मग मला बघितलं, आणि हाताची घडी घातली, शनिवारी घालतात तशी.

"मला म्हाईत न्हाई, गुरुजी."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. वर्षअखेरपर्यंत दर शनिवारी तिचं नाव फळ्यावर होतं, आणि चौथी पास होऊन जाईपर्यंत तिनं मला एकही गोष्ट आपण होऊन सांगितली नाही.