‘ह्यांनी’ केलेली डबी

“वायरी पुण्याहून कोणी आणल्या बे?”

“तू आणल्यास. पण आपला निरोप कोणता, हे डबीला वळखायला कोणी शिकवलं?”

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं, तेव्हा तलवाड्यात फोन एखाद-दुसऱ्या घरीच होता. पहिला आवाज रविराजचा, बागाईतदार सुंदररावांच्या इंजिनेर पोराचा. दुसरा माझ्या शेजारच्या सोमेश्वरचा. रेडिओ दुरुस्त करायचा. बोलायला कमी, चहाला लई.

त्यानं खिशात मावणारी डबी केली होती. गावातून निरोप धाडला की शिवारातल्या सगळ्या डब्यांपर्यंत जायचा, पण ज्याचा निरोप त्याचीच वाजायची. बाकीच्या गप. माणसांना हे अजून जमलं न्हाई.

रविराजनं त्या युक्तीचं पेटंट स्वतःच्या नावानं मागितलं. म्हणजे ही युक्ती ह्याचीच, असं सरकारनं लिहून द्यायचं. सोमेश्वरनं हरकत घेतली. डबी आपल्या नावाची राहावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. साक्षीदार एकच, त्याची बायको मंजुळाबाई. पहिली डबी तिच्या चुलीपुढंच वाजली होती.

वकील जबानी घ्यायला आला तो रविराजच्याच जीपमधून. सोमेश्वर तेव्हा बीडला दवाखान्यात पडलेला.

“डबी कोणी केली, बाई?”

“ह्यांनी.”

“ह्यांनी म्हणजे?”

“ह्यांनीच की! दुसरं कोण करणार?”

नवऱ्याचं नाव तिनं घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात तेवढंच. मी दारातून ओरडले, “अगं, नाव घे की!”

“इश्श! परक्यांसमोर?” तिनं तोंडाला पदर लावला.

रविराज शेजारच्याच खुर्चीत होता. “लिहा साहेब. ह्यांनी म्हणजे मी. समोरच तर हाय.”

मी मधी पडले, तर वकील म्हणाला, “तुम्हाला कोणी विचारलं?” मंजुळाबाईला काय लिहिलं ते वाचता येईना. तिनं अंगठा उठवला.

पेटंट रविराजला मिळालं. सोमेश्वर बायकोला एकदाच बोलला, “नाव घेतलं असतंस तर जीभ झडली असती का?” त्यानंतर ती भेटंल त्याला “सोमेश्वरनं केली, सोमेश्वरनं,” असं सांगत फिरली. ऐकायला आता कचेरी न्हवती.

मग मोबाईल आले अन् डब्या अडगळीत गेल्या. चालू राहिली ती म्हाताऱ्या भामाबाईची. तिला मोबाईल उमगत न्हाई.

औंदा पोळ्याच्या आधी सोमेश्वर तिच्याकडं सेल बदलायला गेलता. त्यानंतर तो कुणाच्या कामाला गेला न्हाई, चार दिवसांनी देवाघरीच गेला. त्या दिवशी भामाबाईच्या डबीवर रविराजचंच नाव छापलेलं. सोमेश्वरनं फडक्यानं धूळ पुसली, नावावरची पण. सेल घातला, वाजवून पाहिली, चहा घेतला अन् सायकलीला टांग मारली.