घोंगडीच्या कोपऱ्यातला रुपया

मामांच्या घोंगडीच्या कोपऱ्यात शिवलेला चांदीचा रुपया मी काढून घेतला आणि त्या जागी दुसरा शिवून ठेवला. दुसराही तसाच होता, निजामाच्या काळातला, चारमिनारचा, त्याच हिजरी सालाचा. रुपयाला रुपया दिला, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो. ती चोरी होती.

मामा मेंढरंवाले. वैजापूरकडून कळप घेऊन निघायचे आणि चाऱ्याच्या मागं मागं पैठणपर्यंत, धरणाच्या पाण्याकडं जायचे. मी शिकलो, चितेगावला कंपनीत स्टोअरला लागलो, पैठण रोडला नव्या प्लॉटिंगमध्ये दोन खोल्या बांधल्या. लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं तेव्हा मामांचा मुक्काम आमच्या घरामागंच पडला. तिथं प्लॉटच्या हद्दीचे दगड रोवलेले होते, पण घरं अजून उठायची होती. त्या दगडांच्या मधे मेंढरं बसायची. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. बायको तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी पातेल्यात साठवायची आणि लंगड्या मेंढीला आधी पाजायची.

आमच्यात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. भाच्यानं मात्र मामाच्या पाया पडायचं नाही, पाप लागतं म्हणतात. मामा माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, तरी दारात आले की काठी भिंतीला टेकवायचे आणि वाकून माझ्या पायाला हात लावायचे. मला संकोच वाटायचा. पुढं त्याची भीती वाटायला लागली.

एका सकाळी मी ओट्यावर नाण्यांचा अल्बम उघडून बसलो होतो. मामांनी डोकावून पाहिलं.

"भाचे, हे चारमिनारवालं तर माझ्यापशीबी हाय."

"तुमच्यापाशी?"

"मंग काय, तुम्हीच का साहेब?"

त्यांनी खांद्यावरची घोंगडी उतरवली. एका कोपऱ्याला दुहेरी शिवण होती. तशी शिवण पहिल्यांदा त्यांच्या आईनं, माझ्या आजीनं, घातली होती. रानोमाळ फिरणाऱ्या पोराला अडचणीला असावा म्हणून तिनं रुपया आत शिवला होता. घोंगडी विरली की मामा तो नव्या घोंगडीत शिवून घ्यायचे. त्यांनी दोरा उसवला आणि रुपया माझ्या तळहातावर ठेवला.

"पार काळा पडलाय बघ," ते म्हणाले.

तो काळा पडलेला नव्हता. कडेला गर्द निळा, त्याच्या आत जांभळा, मग तांबूस, आणि मधल्या मनोऱ्यांवर मधासारखा पिवळा. चांदी वर्षानुवर्षं एका जागी राहिली की तिच्यावर अशी झाक चढते. लोकरीत गंधक असतो, त्यानं ती सावकाश रंगते. मी वाचलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. फोटो काढला. बायकोनं दोरा दुहेरी करून कोपरा पुन्हा शिवून दिला.

फोटो मी आमच्या नाणेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात गर्दी झाली.

"हा रंग उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात ठेवून आणलेला आहे," एका सराफानं लिहिलं.

"अंड्याचा रंग असा थरांनी येत नाही. भट्टी लावली असेल," दुसरा म्हणाला.

"साहेब, नाणं मेकअप करून आलंय का लग्नाला?"

मी घोंगडीची गोष्ट सांगितली. मग नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं, "लोकर असेल तर खरं आहे. असं नाणं आयुष्यात एकदा दिसतं. तुमच्या संचात टाका, पहिल्या तिनात याल."

हा संच म्हणजे काय, ते सांगतो. इंटरनेटवर एक नोंदणी असते. आपल्याकडची नाणी सालवार, फोटोसकट तिथं मांडायची. तपासणाऱ्या कंपनीनं दर्जा देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं नाणंच धरतात. दर्जावरून गुण, गुणांवरून नंबर. माझा नववा होता, तो एका नाण्यामुळं. मामांच्या रुपयाच्याच सालाचा माझा रुपया मी अडाणीपणानं चिंच आणि राख लावून घासला होता. लख्ख झाला, पण घासलेलं नाणं आमच्यात मेल्यात जमा. त्याला तिथं जागाच नव्हती.

मी मामांना रुपया मागितला. दुसरा देतो म्हणालो, वर काही देतो म्हणालो. ते हसले.

"माझा असता तर दिला असता. आईनं शिवलेला हाय त्यो."

मग मामांच्या सोयऱ्यात मयत झाली. मेंढरं त्यांनी चुलत भावाकडं सोपवली आणि घोंगडी माझ्याकडं.

"एस्टीत गर्दी लई असती. तुझ्यापशी ऱ्हाऊ दे, जपून ऱ्हाईल."

बायको टँकरच्या रांगेत गेली होती तेव्हा मी ब्लेडनं कोपरा उसवला. घासलेला रुपया आत घातला आणि शिवण घातली. ती वाकडी आली. बायकोला ती दिसली.

"हा टाका माझा नाही."

"सुटला होता."

ती पातेलं उचलून मेंढरांकडं गेली.

मामांचा रुपया तपासून आला. रंग नैसर्गिक, दर्जा उत्तम. नंबर तिसरा लागला. ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज आले, आणि मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. घरामागं पाया खणले गेले, हद्दीचे दगड गेले आणि मामांचा मुक्काम धरणाकडं सरकला. त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या नातीचं बारसं होतं. आम्ही वैजापूरला गेलो. मामांनी सगळ्यांसमोर घोंगडीचा कोपरा उसवला. आईचा रुपया तिच्या या पणतीच्या मुठीत द्यायचा होता.

रुपया बाहेर पडला तो लख्ख, पांढरा. मला वाटलं, आता ते माझ्याकडं बघतील. त्यांनी रुपया कपाळाला लावला.

"काळा व्हता. ह्या डोळ्यांनी बघितलाय. आईनं दुष्काळ पुसला बघा."

बायाबापड्यांनी रुपयाला हात लावून नमस्कार केला. मीही केला. मग मामा रीतीप्रमाणं माझ्याजवळ आले आणि वाकले. माझे पाय मागं सरले, तेव्हा ते हसून म्हणाले, "थांब की, पळतो कुठं?"

त्यानंतर ती डबी मला कपाटात ठेवणं अवघड झालं. पण मामांना खरं सांगितलं तर त्यांच्या आईचा तो आशीर्वादही खोटा ठरणार होता. गप्प राहणं हीच माया, असं मी वर्षभर मनाला पटवलं. पण मामांच्या नातीच्या गळ्यात ते घासलेलं नाणं काळ्या दोऱ्याच्या जाळीत बांधलंय आणि ताप आला की तिच्या कपाळाला लावतात, असं बायकोकडून कळलं. मग राहवलं नाही. बायकोला आधी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "टाका बघितला तेव्हापासून वाट बघतेय."

नोंदणीतून संच काढून टाकला आणि पैठणला गेलो. मामा पाण्याच्या कडेला, बाभळीखाली बसले होते. ते पाया पडायला उठायच्या आत मी डबी दगडावर ठेवली आणि दुसऱ्या दगडानं फोडली. निळा-जांभळा रुपया त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटापालटा केला.

"हा तर आईचा. मंग पोरीच्या गळ्यातला?"

"माझा. चिंचेनं घासलेला. तुम्ही घोंगडी ठेवून गेलात तेव्हा मी बदलला."

मामांनी रुपयावर मूठ मिटली.

"म्हंजे आईनं काय पुसलं न्हाय."

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी माझं मनगट धरून मला वर उचललं.

"भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नसतं. काय बोलायचं ते तोंडानं बोल."

मग मी तोंडानं बोललो. "मामा, तुम्ही मला जपायला दिलं आणि मी तेच चोरलं. आजीनं दिलेला रुपया उसवून काढला, आणि तुम्ही खोटा रुपया कपाळाला लावला तेव्हाही गप्प बसलो. चुकलो, मामा. मला माफ करा."