ताम्हिणीचा कोरडा आठवडा

उत्कर्षा मूळची परभणीची. हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते आणि कासारसाईत सारजाबाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. सहा वर्षं तिने दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढल्या, पण स्वतःचं म्हणावं असं काही लिहिलं नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी तिने रविवारी-रविवारी घरबसल्या डेटा ॲनालिसिस शिकायला घेतलं. सरावासाठी ताम्हिणीजवळच्या एका शाळेने ठेवलेल्या पावसाच्या नोंदी मागून आणल्या.

एका रविवारी तिने दर आठवड्याच्या पावसाची बेरीज करून आलेख काढला. सारजाबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या होत्या, त्या दारातून डोकावल्या.

"ह्यो मधीच खड्डा कसला गं?"

"जुलैतला आठवडा आहे काकू. पाऊस शून्य."

"ताम्हिणीत? जुलैत?" सारजाबाई हसत उंबऱ्यावरच बसल्या. त्यांचं माहेरच ताम्हिणीचं. "आगं, तितं जुलैत लुगडं आठ-आठ दिस सुकत न्हाई! खोटं बोलतंय तुजं मशीन."

उत्कर्षाने मूळ नोंदी उघडल्या. त्या आठवड्याचे सातही रकाने रिकामे. पाऊस पडला नव्हता असं नाही, कुणी मोजलाच नव्हता! आणि बेरजेची मेथड, म्हणजे बेरीज करून देणारा तयार कोड, त्या रिकाम्या रकान्यांचं उत्तर बिनदिक्कत शून्य देत होती.

तिने त्या मेथडचं माहितीपान वाचलं. रिकाम्या जागा वगळल्या जातात, एवढंच तिथे होतं. सगळ्याच रिकाम्या असल्या तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. किमान किती नोंदी असल्या तरच बेरीज करायची, हे ठरवायची सोय मेथडमध्ये होती, पण तिचंही उदाहरण नव्हतं. म्हणजे जगात आणखी किती जण असे फसत असतील! उत्कर्षाला बसवेना. ही मेथड ज्या लायब्ररीतली, म्हणजे तयार कोडच्या संचातली, ती सगळ्यांना खुली होती, तिच्या पानांतही दुरुस्ती कुणीही सुचवू शकत होतं. तिने त्या माहितीपानासाठी चार ओळी लिहिल्या, खाली सात रिकाम्या दिवसांचं उदाहरण जोडलं आणि पाठवून दिलं.

मंगळवारी उत्तर आलं. लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी एकीने, कुठल्याशा दूरच्या देशातून, लिहिलं होतं : 'उदाहरण उत्तम. दुसरं वाक्य मात्र दोनदा वाचावं लागलं.' उत्कर्षाने ते वाक्य तीनदा बदललं.

शुक्रवारी सकाळी कंपनीची कॅब हिंजवडीच्या चौकात अडकली होती. फोनवर ईमेल आला. दुरुस्ती स्वीकारली होती!

"घेतलं! घेतलं!" ती एवढ्या जोरात ओरडली की ड्रायव्हर दचकून मागे वळला.

"काय घेतलं मॅडम? फ्लॅट?"

"चार ओळी घेतल्या माझ्या!"

त्याला काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून तोही हसला. "मग पेढे पाहिजेत," म्हणाला.

गाड्या जागच्या हलत नव्हत्या. उत्कर्षाने तिथेच लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सरासरी काढणाऱ्या मेथडचं पान उघडलं. तिथेही एका ओळीवर तिची नजर अडली.